गावचे लहान वनस्पती उद्यान : उद्देश, उभारणी व नोंद

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या डाव्या तीरावर मार्कंडा हे गाव वसलेले आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे काही अंतर उत्तरवाहिनी होते आणि तीरावर प्राचीन दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. अशा जत्रेच्या बाजारात भांडी, कापड व शेतीची अवजारे यांबरोबर रानातील जिन्नसही विकावयास येतात : हिरडा, बेहडा, डिंक, मध, नाना प्रकारच्या मुळ्या व साली. घेणारा विचारतो, "ही मुळी कशाची?" विकणारा एक नाव सांगतो. ते नाव बरोबर आहे किंवा नाही हे ताडून पाहण्याचे कोणतेही साधन दोघांपाशी नसते.

हीच गोष्ट रोपांची. पावसाळ्याच्या तोंडी शेतकरी पेरूची किंवा आंब्याची कलमे विकत आणतो, खड्डे खोदतो, कुंपण करतो आणि तीन-चार वर्षे पाणी घालतो. फळ धरल्यावर त्यास कळून येते की, सांगितलेली जात ही नव्हे. गेलेला पैसा एखाद्या चांगल्या हंगामात भरून निघेल; गेलेली वर्षे भरून निघत नाहीत.

वनस्पतीची खात्रीची ओळख पटविणे आणि खात्रीचे बी राखणे, या दोन गरजांतून वनस्पती उद्यान ही संस्था जन्मास आली. असे उद्यान मोठ्या शहरातच असावे, त्यास शेकडो एकर जमीन व मोठा खर्च लागावा, असा समज आहे. तो बरोबर नाही. दहा आर जमिनीवर, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारातही ते उभे राहू शकते. ते कसे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. बाग आणि वनस्पती उद्यान

बागेत झाड शोभेसाठी, सावलीसाठी किंवा फळासाठी लावलेले असते. ते कोठून आले, कोणी आणले व केव्हा लावले हे कोणी विचारीत नाही. वनस्पती उद्यानात मात्र प्रत्येक झाडाला तीन गोष्टी असाव्या लागतात : नाव, क्रमांक आणि नोंद. नाव पाटीवर असते. क्रमांक पाटीवर व नोंदवहीत असा दोन्ही ठिकाणी असतो. नोंदीत त्या झाडाचे मूळ ठिकाण, लागणीची तारीख, फुलण्या-फळण्याचा काळ आणि त्यापासून दिलेल्या बियांचा व रोपांचा हिशेब असतो.

या तीन गोष्टी नसतील तर कितीही दुर्मिळ झाडे लावली तरी ती केवळ बाग होय. त्या असतील तर वीस झाडांचा तुकडाही वनस्पती उद्यान ठरतो. पुढील दोन्ही उदाहरणांत हाच नियम दिसून येईल.

२. पादुआ येथील उद्यान

इटली देशातील पादुआ शहरात १५४५ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने एक लहान वनस्पती उद्यान स्थापन केले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती प्रत्यक्ष ओळखता याव्यात हा त्याचा उद्देश होता. त्या काळी औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मुळ्या-पानांत भेसळ होत असे आणि जाणत्या वैद्यांच्या हातूनही ओळखण्यात चूक होई. अशी चूक रोग्याच्या जिवावर बेतत असे. पुस्तकातील वर्णन वाचून ही अडचण दूर होईना. म्हणून जिवंत वनस्पती वाफ्यांत लावून त्या विद्यार्थ्यांना दाखविण्याची व्यवस्था करण्यात आली.

या उद्यानाचे क्षेत्र केवळ २ हेक्टरच्या आसपास आहे. मौल्यवान वनस्पतींची चोरी होऊ लागल्यामुळे त्याभोवती गोल भिंत बांधावी लागली. मूळ जागीच आजपर्यंत चालत आलेले हे जगातील सर्वांत जुने विद्यापीठीय वनस्पती उद्यान मानले जाते, आणि १५८५ साली लावलेले ताडाच्या कुळातील एक झाड तेथे अद्याप जिवंत आहे. १९९७ साली या उद्यानाची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. त्याचे मोठेपण क्षेत्रफळात नाही. "ही मुळी कशाची?" या प्रश्नाला खात्रीचे उत्तर देणारी जागा शहराच्या मध्यभागी निर्माण झाली, यात ते आहे.

३. गणेशखिंडीचे ४९ क्रमांकाचे झाड

महाराष्ट्रातही शहरांतून अशी उद्याने झाली. मुंबईत भायखळा येथील उद्यान १८६२ साली लोकांस खुले झाले. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखले जाते. विदर्भात नागपूरची महाराजबाग ही मूळची भोसल्यांची बाग पुढे कृषि महाविद्यालयाकडे आली. चंद्रपूर व बल्लारपूर यांच्या दरम्यान विसापूर येथे वनविभागाने वनस्पती उद्यान उभारले आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाचे आहे.

हे उद्यान १८७३ साली वनस्पती उद्यान म्हणून सुरू झाले. जी. मार्शल वुड्रो हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे अधीक्षक होते. पुढे तेथे फळझाडांच्या संशोधनाचे केंद्र झाले. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे असून २०२० साली त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे. तेथील आंब्याच्या जुन्या मातृवृक्षांना शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत.

या उद्यानात १९२७ च्या सुमारास लखनौ येथील पेरूच्या बियांपासून रोपे तयार करण्यात आली. पेरूच्या बियांपासून होणारी झाडे एकसारखी निपजत नाहीत. कोणाचे फळ लहान, कोणाचे बियाळ, कोणाचे पाणचट. म्हणून प्रत्येक झाडाला क्रमांक देण्यात आला आणि प्रत्येकाच्या फळाची निरनिराळी नोंद ठेवण्यात आली. चीमा व देशमुख या शास्त्रज्ञांना त्यांतील ४९ क्रमांकाचे झाड सरस आढळले : फळ मोठे व गोलसर, गर पांढरा व गोड, बिया मऊ, उत्पन्न भरपूर. त्या एका झाडापासून कलमे बांधून जी जात प्रसारित झाली, ती "लखनौ-४९", म्हणजेच आज शेतकऱ्यांच्या परिचयाचा "सरदार" पेरू होय.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या जातीचे पहिले नाव म्हणजे उद्यानाच्या नोंदवहीतील क्रमांकच आहे. पाट्या व नोंदवही नसती तर ४९ क्रमांकाचे झाड इतर झाडांत मिसळून गेले असते. कोणी त्याची फळे खाऊन "गोड आहेत" एवढेच म्हटले असते आणि झाड म्हातारे होऊन तुटले असते. द्राक्षाची "चीमा साहेबी" ही जातही येथेच, पंढरी साहेबीच्या रोपांतून अशाच निवडीने मिळाली.

४. नांदेडची बांधी

असे काम केवळ शास्त्रज्ञच करू शकतात असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यास १९८३ साली आपल्या "पटेल-३" धानाच्या बांधीत काही निराळ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या इतर धानात मिसळू दिल्या नाहीत. बी वेगळे राखले, दरवर्षी वेगळे पेरले, सारखेपणा येईपर्यंत निवड केली. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार व चांगले उत्पन्न देणारा धान तयार झाला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्यास "एचएमटी" हे नाव मिळाले आणि हा धान विदर्भाबाहेरही पसरला. दादाजींच्या कार्याचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

गणेशखिंडीचे उद्यान आणि नांदेडची बांधी यांत साधनांचे अंतर फार मोठे आहे. परंतु कामाची रीत एकच आहे. निराळे दिसले ते वेगळे राखणे, त्यास नाव देणे आणि वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे. गावच्या उद्यानाने हीच रीत गावाच्या अंगवळणी पाडावयाची आहे.

५. आपल्या भागात काय जपावयाचे?

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाखाली आहे. अशा जिल्ह्यात वनस्पती उद्यानाची गरज ती काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, वन जवळ असले तरी चांगली बी देणारी झाडे आणि ती ओळखणारी माणसे दोन्ही कमी होत चालली आहेत.

चारोळीचे झाड, ज्यास या भागात "चार" म्हणतात, त्याचे उदाहरण घ्यावे. फळ पिकेपर्यंत थांबल्यास दुसरा कोणी तोडून नेईल या भीतीने ते हिरवे असतानाच, कधी फांद्या तोडूनही, गोळा केले जाते. कोवळ्या बियांची उगवण होत नाही. म्हणजे झाड दरवर्षी फळत असूनही त्याखाली नवे रोप उभे राहत नाही. कुलू अथवा कडई या झाडाचा डिंक काढताना कुऱ्हाडीने खोल जखमा केल्या जातात आणि झाड वाळून जाते. महाशिवरात्रीला बेलाची फांदीच्या फांदी ओरबाडली जाते. लागण मात्र क्वचितच होते.

माणसांची गोष्ट याहून निकडीची आहे. कोणती रानभाजी कोणत्या नक्षत्रात खावी, कोणता कंद उकळून पाणी टाकल्यावाचून खाऊ नये, कोणती साल जनावरांच्या पोटफुगीवर देतात, हे जाणणारी पिढी आज वयोवृद्ध आहे. हे ज्ञान लिहिलेले नाही. एक जाणता वृद्ध गेला म्हणजे नावांची एक संपूर्ण वही गेली, आणि तिची दुसरी प्रत कोठेही नसते. झाडाचे बी वेळीच राखले तर पुन्हा पेरता येते. विसरलेले नाव पुन्हा पेरता येत नाही.

आलापल्लीजवळील सुमारे ६ हेक्टरचे जुने नैसर्गिक वन "ग्लोरी ऑफ आलापल्ली" या नावाने राखले असून २०१४ साली ते महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाले. तेथे वन जसेच्या तसे राखले आहे. गावच्या उद्यानाचे काम निराळे आहे. रानात विखुरलेले ज्ञान एका ठिकाणी आणून ते शाळेतील मुलास व शेतकऱ्यास वाचता येईल असे मांडणे, हे ते काम होय.

६. जागेची निवड व आखणी

जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) नदीकाठच्या गावांत पुराची सर्वांत वरची खूण जुन्या माणसांना विचारून घ्यावी आणि जागा तिच्याही वर असावी. वैनगंगेचा पूर एका रात्रीत कित्येक वर्षांचे काम वाहून नेऊ शकतो.

(२) जवळ विहीर, बोडी किंवा हातपंप असावा. पहिले तीन उन्हाळे पाणी दिल्याशिवाय रोपे जगणार नाहीत.

(३) जागा शाळेपासून मुलांना चालत येण्याजोग्या अंतरावर असावी.

(४) मार्कंडासारख्या गावी मंदिरे संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणून उद्यानाची जागा मंदिरांपासून दूर घ्यावी आणि कुंपण घालण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे दगडी बांधकामात शिरून ते उखडतात. ही झाडे मंदिरांच्या जवळपास मुळीच लावू नयेत.

आखणीसाठी ५० मीटर लांब व २० मीटर रुंद, म्हणजे १० आर तुकडा घेतला, असे समजावे. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी. मोठी झाडे उत्तरेच्या कडेने लावावीत, म्हणजे त्यांची सावली वर्षातील बहुतेक काळ वाफ्यांवर पडणार नाही. एवढ्या जागेत सात-आठ मोठ्या झाडांपेक्षा अधिक झाडे लावण्याचा मोह टाळावा. दाटीने लावलेली झाडे एकमेकांस मारतात.

उरलेल्या जागेचे चार भाग करावेत.

पहिला भाग औषधी वनस्पतींचा : अडुळसा, शतावरी, गुळवेल, सफेद मुसळी, पिंपळी इत्यादी.

दुसरा भाग रानभाज्यांचा : काटवल, तरोटा, कुर्डू, केना, अंबाडी, आणि वास्ते खाल्ले जातात तो बांबू.

तिसरा भाग जुन्या धानाच्या जातींचा. प्रत्येक जातीस एक लहान बांधी द्यावी व दोन जातींत किमान ३ मीटर अंतर ठेवावे. धान बहुतांशी आपल्याच परागाने फळतो. तरीही शेजारच्या जातीशी थोडाफार संकर होऊ शकतो. याहूनही मोठी भेसळ खळ्यात होते. म्हणून प्रत्येक जातीची मळणी वेगळ्या ताडपत्रीवर करावी.

चौथा भाग विषारी वनस्पतींचा. हा कुंपणाने वेगळा करून त्यातील पाट्या लाल रंगाच्या असाव्यात. येथे कळलावी, धोतरा, गुंज व कण्हेर ही लावावीत. कळलावीचा कंद दिसण्यात रताळ्यासारखा असून अत्यंत विषारी असतो. तो खाण्याजोगा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. मुलांनी ही झाडे ओळखावीत, परंतु त्यांस हात लावू नये, एवढा एकच पाठ या भागातून शिकविला गेला तरी उद्यानाची मेहनत सार्थकी लागेल.

७. बी व रोपे मिळविणे

वनातून रोपे उपटून आणू नयेत. ती बहुधा जगत नाहीत आणि वनाचेही नुकसान होते. बी आणावे, आणि तेही ग्रामसभेला व वनविभागाच्या कर्मचाऱ्यांना सांगून. एकाच झाडाचे सर्व बी घेऊ नये. निरोगी अशा आठ-दहा झाडांचे थोडेथोडे घ्यावे.

चारचे फळ पूर्ण पिकून काळे झाल्यावरच घ्यावे. गर धुऊन काढावा, बी सावलीत सुकवावे आणि त्याच पावसाळ्यात पेरावे. साठवण लांबली तर उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. मोहाचे बी तर पडल्यापासून एक-दोन आठवड्यांतच पेरावे. बेहड्याचे बी एक दिवस पाण्यात भिजवून पेरावे. सागाच्या बियांना काही दिवस आलटून-पालटून भिजविणे व उन्हात वाळविणे आवश्यक असते. चार व मोहा यांचे सोटमूळ लवकर खोल जाते. त्यासाठी लांब पिशव्या वापराव्यात आणि मूळ पिशवीबाहेर येण्यापूर्वीच लागण करावी.

काटवलाच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्याचे नर व मादी वेल निरनिराळे असतात. फळ केवळ मादी वेलास धरते. परंतु नर वेल जवळ नसेल तर तेही धरत नाही. साधारणतः आठ ते दहा मादी वेलींमागे एक नर वेल ठेवावा. फुलाच्या वेळी पाहून प्रत्येक वेलाजवळ "नर" किंवा "मादी" अशी खुंटी रोवावी व पुढील वर्षी कंद त्याच नोंदीप्रमाणे द्यावेत. नोंदीचा उपयोग किती प्रत्यक्ष आहे, हे शेतकऱ्याला येथे एकाच हंगामात पटते.

गावातील सर्वच झाडे उद्यानात आणण्याची गरज नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरील भरपूर फुलणारा मोहा, एखाद्या परड्यातील गोड जांभूळ किंवा आंबा यांना जागेवरच उद्यानाचा क्रमांक द्यावा. झाड मालकाचेच राहते. परंतु त्याची नोंद गावाच्या वहीत होते आणि मातृवृक्ष म्हणून त्याकडे लक्ष राहते. अशा रीतीने दहा आरांचे उद्यान संपूर्ण गावभर विस्तारते.

८. पाटी आणि नोंदवही

पाटी टिकाऊ पत्र्याची असावी. झाडाच्या खोडास खिळा ठोकू नये. लहान रोपाजवळ खुंटीवर आणि मोठ्या झाडास सैल तारेने पाटी लावावी. तार दरवर्षी सैल करावी. नाही तर ती सालीत रुतते.

पाटीवर पुढील गोष्टी असाव्यात : क्रमांक, मराठी नाव, गावात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांतील नावे, शास्त्रीय नाव आणि एका ओळीत उपयोग किंवा धोका. चामोर्शी भागात मराठीबरोबर गोंडी, तेलुगू व बंगाली बोलणारी कुटुंबेही राहतात. प्रत्येक भाषेतील नाव त्या त्या घरातील वृद्ध माणसांना विचारून लिहावे.

शास्त्रीय नाव कशासाठी, असे विचारले जाते. "सादडा" हे नाव काही भागांत ऐनाला आणि काही भागांत अर्जुनाला लावतात. दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत, परंतु त्यांच्या सालींचे उपयोग एक नाहीत. केवळ "सादड्याची साल आणा" असे सांगितल्यास घोटाळा होणारच. कार्ल लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली, ती असे घोटाळे टाळण्यासाठीच उपयोगी पडते. गावात हे नाव कोणी बोलावे असा आग्रह नाही. पाटीवर मात्र ते असावे. ते निश्चित करण्यासाठी महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचे अथवा सोनापूर येथील कृषि विज्ञान केंद्राचे साह्य घ्यावे. खात्री होईपर्यंत ती जागा कोरी ठेवावी. चुकीची पाटी ही पाटी नसण्यापेक्षा अधिक घातक असते.

पाट्या हरवतात, पुसल्या जातात, मुले काढून नेतात. म्हणून नोंदवहीच्या पहिल्या पानावर उद्यानाचा नकाशा काढून त्यात प्रत्येक क्रमांकाची जागा दाखवावी. वहीची दुसरी प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. पुढे दिलेला नमुना वापरता येईल :

क्रमांक — नाव — बी कोठून व कोणाकडून आणले — लागणीची तारीख — फुलाचा महिना — फळाचा महिना — दिलेले बी किंवा रोपे व ती कोणास दिली — माहिती कोणी सांगितली.

शेवटचा रकाना विसरू नये. ज्याने माहिती दिली त्याचे नाव लिहिले जाणे हा त्याचा हक्क आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी व लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. उद्यानाची वही या नोंदवहीस जोडून घ्यावी. त्याचप्रमाणे २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमानुसार शेतकऱ्यास आपला स्वतःचा वाण नोंदविता येतो. जुन्या धानाची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद त्या कामी उपयोगी पडेल.

९. वर्षभराची कामे

फेब्रुवारी-मार्च : कुंपणाबाहेरील पालापाचोळा काढून वणव्यापासून संरक्षण करावे. पळस व मोहा यांच्या फुलोऱ्याची नोंद घ्यावी. जत्रेच्या दिवसांत उद्यान सर्वांना खुले ठेवावे व वरच्या वर्गातील मुलांनी पाहुण्यांना माहिती द्यावी.

एप्रिल-मे : चार, तेंदू व बेल यांची पक्व फळे पाहून बी गोळा करावे. मोठ्या झाडांसाठी ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खोदून ते तापू द्यावेत. रोपांना पाणी द्यावे.

जून-जुलै : मोहाचे बी पेरावे. पाऊस स्थिरावल्यावर रोपांची लागण करावी. धानाच्या प्रत्येक जातीचे पऱ्हे वेगळे टाकावेत व पाटी तेव्हापासूनच लावावी. पुष्कळशी भेसळ पऱ्ह्यांतच होते.

ऑगस्ट-सप्टेंबर : तण काढावे. साचलेले पाणी काढून द्यावे. रानभाज्यांचे प्रात्यक्षिक महिला बचत गटांच्या साह्याने घ्यावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : धानाच्या जाती पाहण्यासाठी शेतकऱ्यांना बोलवावे. लोंब्या निवडून बी राखावे व चांगले वाळवून घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावे.

डिसेंबर-जानेवारी : आवळा, हिरडा व बेहडा यांचे बी गोळा करावे. पाट्या रंगवाव्यात, तारा सैल कराव्यात आणि वर्षाची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी.

१०. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

उद्यानाचे काम उत्साहात सुरू होते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडते, असा धोका नेहमीच असतो. तो टाळण्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

पहिल्या वर्षी वीसपेक्षा अधिक जाती घेऊ नयेत. वीस जातींची नोंद पूर्ण ठेवणे हे शंभर जाती लावून विसरण्यापेक्षा श्रेयस्कर होय.

नोंदवही एका व्यक्तीकडे न ठेवता एक शिक्षक, एक शेतकरी व बचत गटातील एक भगिनी अशा तिघांकडे त्याची जबाबदारी द्यावी. कर्मचाऱ्यांची बदली होते. गावाची होत नाही.

वैदू व वृद्ध स्त्री-पुरुष यांना बोलावताना त्यांच्याकडून केवळ माहिती घेण्याचा भाव नसावा. त्यांना उद्यानात आदराने न्यावे, त्यांच्या हस्ते रोप लावावे आणि ते जे सांगू इच्छीत नाहीत ते विचारू नये.

पाटीवर औषधी उपयोग लिहिताना रोग बरा होईल अशी ग्वाही देऊ नये. आजारी माणसाने दवाखान्यातच जावे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

उपसंहार

पादुआच्या वाफ्यांनी वैद्यास मुळी ओळखण्यास शिकविले. गणेशखिंडीच्या वहीने एका पेरूच्या झाडास क्रमांक दिला आणि ते झाड हजारो शेतकऱ्यांच्या बागांत पोहोचले. नांदेडच्या शेतकऱ्याने काही लोंब्या वेगळ्या राखल्या आणि विदर्भाला एक धान मिळाला. मार्कंडाच्या परिसरातील धुऱ्यावर, बांधीत किंवा रानात असे एखादे झाड, एखादी लोंबी आजही उभी असेल. तिला क्रमांक मिळण्यापूर्वी ती तुटू नये आणि तिचे नाव सांगणारा जाणता जाण्यापूर्वी ते लिहिले जावे, यासाठी दहा आर जमीन, वीस पाट्या आणि एक वही एवढ्यावर आरंभ करता येईल. येत्या पावसाळ्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. वहीचे पहिले पान आजच लिहिता येते.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील सर्वांत चांगली फळणारी चार, मोहा व जांभूळ यांची झाडे कोणती? ती कोणाच्या जागेत आहेत?

२. आपल्या गावात पूर्वी पेरल्या जाणाऱ्या, परंतु आता न दिसणाऱ्या धानाच्या जातींची नावे सांगा. त्यांपैकी कोणाचे बी अद्याप कोणाच्या घरी आहे काय?

३. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन निराळ्या वनस्पती आपल्या भागात आहेत काय? त्या कशा ओळखाव्यात?

४. उद्यानाची नोंदवही आपल्या गावात कोणत्या तिघांकडे द्यावी?